कॅप्टोप्रिल, कार्बनचा गोळा आणि माझे सात महिने

कराडला आमचं मेडिकल आहे. शाळेत असल्यापासून त्या काउंटरच्या मागे स्टुलावर बसून मी अभ्यास केला, त्यामुळे बीपीच्या गोळ्यांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरला आणि दिवाळीत घरी गेले, तेव्हा बाबांना म्हटलं, "कॅप्टोप्रिलची एक स्ट्रिप काढा ना. वास घेऊन बघायचाय."

"कॅप्टोप्रिल?" बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते आता कोण लिहितंय? दिवसातनं दोन-तीनदा घ्यायचं, तेही जेवणाच्या तासभर आधी. माणसं जेवतात कधी याचा पत्ता नाही, तासभर आधी कुठली घेतायत. टेल्मिसार्टन ने, ॲम्लोडिपिन ने. सकाळी एक गोळी, विषय संपला."

आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. गोळीत गंधक असतं आणि डबी उघडली की त्याचा वास जाणवतो, एवढं मी वाचलं होतं. दुकानात स्ट्रिप नव्हतीच. पुढचे सात महिने ज्या औषधासोबत काढले, ते मी एकदाही हातात घेतलेलं नाही.

औषध कसं निवडलं हे प्रोजेक्ट रिपोर्टात लिहिलंय त्यापेक्षा जरा वेगळं आहे. रिपोर्टात लिहिलंय की कॅप्टोप्रिलचा शरीरातला अर्धायुकाल साधारण दोन तासांचा, ॲम्लोडिपिनचा तीस ते पन्नास तासांचा. म्हणून कॅप्टोप्रिल हळूहळू सोडणारा वाहक मिळाला तर उपयोग. हे खरंच आहे. पण ते मला नंतर सुचलं. आधी मी अणू मोजले होते. टेल्मिसार्टनमध्ये ६९ अणू, ॲम्लोडिपिनमध्ये ५३, कॅप्टोप्रिलमध्ये फक्त २९. आमच्या लॅबमधल्या मशीनला सोळा कोअर आणि त्यावर चार जणांचे जॉब. सर म्हणाले होते, "वर्षभरात संपेल असं काहीतरी घे." मी सर्वांत छोटं औषध घेतलं आणि कारण मागाहून शोधलं. विचारलं तर बरेच जण हेच सांगतील, फक्त लिहीत कुणी नाही.

विषय सांगायला सोपा. कार्बनच्या अतिसूक्ष्म गोळ्याला औषधाचा रेणू चिकटतो का, किती घट्ट चिकटतो आणि हवा तेव्हा सुटतो का. सगळं संगणकावर, ना टेस्ट ट्यूब, ना उंदीर. गोळा म्हणजे सी-साठ, फुलरीन. साठ कार्बन, १२ पंचकोन, २० षट्कोन, फुटबॉलला शिवण असते तशी जोडणी, व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. १९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तो सापडला आणि १९९६ मध्ये त्यावर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅप्टोप्रिल त्याच्या थोडं आधीचं. ब्राझीलमधल्या जाराराका नावाच्या सापाच्या विषामुळे रक्तदाब का कोसळतो, या प्रश्नावरून सुरू झालेला शोध स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी गोळीपर्यंत नेला. अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे गोळा आणि गोळी दोन्ही साधारण बाबांच्या कॉलेजच्या काळातल्या. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या काळातलं सगळं अजून चालतंय, फक्त आम्हालाच कुणी विचारत नाही."

पहिलं काम रेणू काढायचं. ॲव्होगाड्रो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात माउसने अणू ठेवत जायचे, बंध ओढायचे. मला वाटलं, आपण बी.एस्सी.ला शेकडो रचना काढल्यात, यात काय. काढली. रन लावला, म्हणजे मशीनला गणित करायला सोडलं. चार दिवसांनी लॅबमधल्या ताई, म्हणजे पीएच.डी.च्या सीनियर, माझ्या स्क्रीनसमोर थांबल्या, रेणू माउसने गोल फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हा मिथाइल कुठल्या बाजूला बसवलायस?"

कॅप्टोप्रिलमध्ये असे दोन कार्बन आहेत की त्यांना डावा-उजवा हात असतो. दोन्ही 'एस' हाताचे लागतात. प्रोलीन या अमिनो आम्लाच्या कड्यातला बरोबर आला होता, मिथाइलवाला उलटा. अणू तेवढेच, सूत्र तेच, पण औषध ते नव्हे. शरीरातल्या एन्झाइमला ते लगेच कळेल. संगणकाला काही कळत नाही, तो जे दिलंय त्याची ऊर्जा काढून मोकळा होतो. चार दिवसांचं गणित कचऱ्यात. त्यानंतर मी पबकेम या रेणूंच्या ऑनलाइन संग्रहातून रचना उतरवून घेतली आणि तरीही दोन्ही हात स्वतः तपासले. शिवाय प्रोलीनच्या बंधाभोवती हा रेणू दोन पवित्र्यांत राहतो, सिस आणि ट्रान्स. स्फटिकात ट्रान्स असतो म्हणून मी तो घेतला.

गणिताची पद्धत डीएफटी, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी. ज्या कामासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं, तीच. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब न मांडता त्यांच्या एकूण घनतेवरून ऊर्जा काढायची. औषध आणि गोळा मिळून ८९ अणू, ४७६ इलेक्ट्रॉन. सॉफ्टवेअर ऑर्का, शैक्षणिक वापरासाठी मोफत, आणि आमच्या विभागाच्या बजेटला मोफत हा शब्द फार आवडतो. इनपुट फाईल म्हणजे जेमतेम शंभर ओळींचा मजकूर. वर उद्गारचिन्ह देऊन पद्धतीचं नाव, मग 'शून्य एक' अशी जोडी, खाली अणूंची यादी. त्यातला शून्य म्हणजे एकूण विद्युतभार, एक म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने. ही 'शून्य एक' मी इतक्यांदा टाइप केली की बोटांना सवय लागली. ती सवय पुढे दोनदा महागात पडली.

पहिला खरा रन मी बीथ्रीएलवायपी या डीएफटीच्याच एका प्रकाराने लावला, कारण वाचलेल्या निम्म्या लेखांत तीच होती. औषध गोळ्याजवळ तीन अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) ठेवलं, गंधकाची बाजू षट्कोनाकडे. अडीच दिवस चाललं. शेवटी 'ऑर्का टर्मिनेटेड नॉर्मली' ही ओळ दिसली आणि मी खुर्चीतून उठलेच. रेणू उघडून बघते तर औषध गोळ्यापासून लांब सरकून, तोंड फिरवून बसलेलं. भांडण झालेल्या जावांसारखं. चिकटण्याची ऊर्जा उणे एक-दीड किलोकॅलरी, म्हणजे जवळपास काहीच नाही.

ही ऊर्जा काढायची रीत साधी वजाबाकी आहे. जोडीची ऊर्जा काढा, त्यातून एकट्या औषधाची आणि एकट्या गोळ्याची वजा करा. उणे आलं तर चिकटलं. पण कशातून काय वजा करतोय ते बघा. जोडीची एकूण ऊर्जा, उणे चिन्ह सोडून, तेहतीसशे हार्ट्रीच्या (हे ऊर्जेचं एकक) पुढे, म्हणजे वीस लाख किलोकॅलरीच्या वर, आणि त्यातून शोधायचा आहे दहा-वीसचा फरक. आमच्या भागात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून काट्यावर येतात. त्या वीस टनांवर साळुंकी बसली आहे की नाही हे काट्यावरून ओळखायचं, असं ते काम. काटा चांगला असेल तर जमतं. माझा काटा नीट लावलेलाच नव्हता.

सरांना दाखवलं. त्यांनी इनपुटची पहिली ओळ वाचली आणि एकच शब्द बोलले, "डिस्पर्शन?"

मी गप्प. डिस्पर्शन म्हणजे दोन रेणूंमधली क्षीण ओढ, आणि बीथ्रीएलवायपीला ती दिसत नाही. पालीचा पाय भिंतीला ज्या बळाने धरतो, तेच हे बळ. एकेका अणूचं नगण्य, सगळ्यांचं मिळून बरंच. कॅप्टोप्रिलमध्ये बेन्झिनसारखं सपाट कडं नाही, त्यामुळे गोळ्याला धरायला त्याच्याकडे मुख्यतः तेवढंच होतं आणि मी नेमकं तेच गणितातून वगळलं होतं. ग्रिमं यांनी २०१० मध्ये दिलेली डीथ्री नावाची दुरुस्ती आहे. इनपुटमध्ये एक शब्द वाढवायचा, बस. त्या शब्दाला वेळही जवळजवळ लागत नाही. अडीच दिवसांचा रन मात्र पुन्हा अडीच दिवस.

या वेळी सहा वेगवेगळ्या बाजूंनी औषध ठेवून सहा जॉब टाकले. गंधक षट्कोनावर, गंधक पंचकोनावर, आम्लाचा गट खाली, प्रोलीनचं कडं आडवं, असं. सर्वांत चांगला आकडा कडं आडवं झोपलेल्याचा निघाला: उणे सतराच्या आसपास. घरी फोन करून सांगितलं, "चिकटलं!" आई म्हणाली, "बरं झालं बाई, जेवलीस का?"

मग फ्रिक्वेन्सीचा रन, रचना खरंच स्थिर बसलीय का ते तपासणारा. ८९ अणूंची २६१ कंपनं असतात, सगळ्यांच्या वारंवारता धन यायला हव्यात. एक ऋण आली, अगदी बारीक, अख्खं औषध गोळ्यावर डुलत असल्यासारखी. ताई म्हणाल्या, ज्या दिशेने डुलतंय त्या दिशेला थोडं ढकल आणि पुन्हा लाव. ढकललं. गेली. यावर मी अजून पानभर लिहू शकते, पण वाचणाऱ्याला त्यात काही मिळणार नाही.

सतराचा आनंद आठवडाभर टिकला. ताईंनीच विचारलं, "काउंटरपॉइज केलंस का?" हे बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये सांगून ठेवलेलं दुखणं. इलेक्ट्रॉन कुठं कुठं फिरू शकतात ते दाखवायला प्रत्येक अणूवर काही फलनं ठेवलेली असतात. आमच्या मशीनला पेलेल एवढा लहान संच मी घेतला होता, तरी जोडीसाठी ती १,११५ भरली. अडचण अशी की जोडीत असताना औषधाला गोळ्याची फलनंही वापरायला मिळतात आणि गोळ्याला औषधाची. एकटं असताना ती नसतात. शेजारणीची भांडी मागून आणून केलेला स्वयंपाक, आणि एकटीने घरच्या दोन पातेल्यांत केलेला, यांची चव ताडून पाहायची आणि फरकाचं श्रेय प्रेमाला द्यायचं, असा प्रकार. ते श्रेय काढून टाकायचं तर एकट्या औषधाचा हिशेबही शेजारची भांडी समोर ठेवून करायचा. अणू नाहीत, फक्त त्यांची रिकामी फलनं. केला. सतराचे अकरा झाले.

एका लेखाशी आकडे जुळवताना आणखी दोन दिवस गेले. पद्धतीचं नाव तेच, रेणू तोच, तरी एकट्या औषधाची एकूण ऊर्जासुद्धा जुळेना. शेवटी कळलं, ऑर्कातली बीथ्रीएलवायपी आणि त्या लेखात वापरलेल्या गॉसियन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली बीथ्रीएलवायपी यांत एक घटक वेगळा आहे. गॉसियनसारखी हवी असेल तर नावापुढे तिरकी रेघ देऊन 'जी' लिहावं लागतं. ऑर्काच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट आहे. मॅन्युअल मी वाचलं नव्हतं, हेही स्पष्ट आहे.

आता अकरा चांगलं की वाईट? इथं मला हा सगळा विषय पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला. चिकटलेला रेणू किती वेळाने सुटेल याचं एक सूत्र आहे. गॅस सेन्सरवाले ते वापरतात, तिथूनच ते औषधांच्या लेखांत आलंय. रेणू सेकंदाला दहाचा बारावा घात इतक्या वेळा सुटायचा प्रयत्न करतो असं धरायचं; बंध जितका घट्ट तितके जास्त प्रयत्न वाया, आणि हे वाया जाणं पटीपटीने वाढतं. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. अकरा किलोकॅलरी: सेकंदाचा लाखावा भाग घ्या, त्याची साडेपाचपट. पंधरा: सेकंदाचा पंचविसावा भाग, किंवा थोडा कमी. वीस: दोन मिनिटं. पंचवीस: पावणेपाच दिवस. तीस: त्रेचाळीस वर्षं.

मी तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. वीस ते पंचवीसमध्ये कुठंतरी एक अरुंद फट आहे, तिच्यातच औषधाला उपयोगी पडेल असा वेळ बसतो. आणि आमच्या पद्धतीची चूकच दोन-तीन किलोकॅलरीची धरतात. म्हणजे मिनिटं की तास, याबद्दलही छातीठोक बोलता येत नाही. भर म्हणून सूत्रात ऊर्जा घालतात ती नुसती चिकटण्याची. मोकळ्या फिरणाऱ्या रेणूला बांधून घातल्याची किंमत, एन्ट्रॉपी, त्यात नसतेच. फ्रिक्वेन्सीच्या रनमधून गिब्सची मुक्त ऊर्जा काढली तर माझे उणे अकरा शून्याच्या वर जाऊन बसले, म्हणजे आपणहून चिकटणं नाहीच. साध्या सी-साठला कॅप्टोप्रिल शरीरात धरून ठेवणारच नव्हतं.

यानंतर जे सगळे करतात तेच मी केलं. गोळ्यातला एक कार्बन काढून तिथं दुसरा अणू बसवला. पहिला बोरॉन. इनपुट केलं, 'शून्य एक' टाइप केलं, जॉब टाकला आणि चहाला गेले. परत येईपर्यंत जॉब मेलेला. आउटपुट म्हणत होतं की इलेक्ट्रॉन ४७५ आहेत, विषम आहेत, तुझी 'एक' अशक्य आहे. कार्बनचे सहा इलेक्ट्रॉन जाऊन बोरॉनचे पाच आले, एक सुटा राहिला. त्याला 'दोन' लिहायला हवं होतं. शाळकरी चूक. निदान या चुकीत मशीन थांबलं तरी. मिथाइलच्या वेळी ते बिचारं चार दिवस राबलं होतं.

बोरॉनचे रन सुट्या इलेक्ट्रॉनमुळे रडतखडत चालत होते, म्हणून सरांच्या सल्ल्याने सिलिकॉनकडे वळले. सिलिकॉनवाल्यात इलेक्ट्रॉन सम असतात, 'शून्य एक' चालतं. तो रन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत आलेला, आलेखावरची ऊर्जा सपाट होत चाललेली, आणि लाईट गेली. यूपीएसने सात-आठ मिनिटं टिकाव धरला आणि चीं करून तोही बसला. अंधारात आम्ही चौघं मोबाईलचे टॉर्च लावून एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं तीन दिवस गेले. ताईंनी सांगितलं, शेवटच्या पायरीची भूमिती फाईलमध्ये पडलेली असते, तिथूनच पुढे लाव. पहिल्यांदा एखादी गोष्ट वाटली त्यापेक्षा सोपी निघाली. तेव्हापासून मी रोज रात्री ती फाईल पेनड्राइव्हवर घेत असे, काही गरज नसताना.

सिलिकॉनचा निकाल जोरदार. औषधातल्या अमाइडचा ऑक्सिजन सरळ सिलिकॉनला जाऊन भिडला, दोन अँगस्ट्रॉमच्या आत. दुरुस्त्या करून आकडा उणे तीसच्या पुढे. शनिवारी घरी गेले तेव्हा बाबा दुकान आवरत होते. म्हटलं, "बाबा, आता गोळी त्रेचाळीस वर्षं सुटत नाही."

बाबांनी शटर अर्ध्यावर ठेवलं. "मग आजोबांनी घेतलेली गोळी नातवाच्या बारशाला लागू पडणार म्हण की." मग जरा विचार करून, "आणि एका गोळीला तुझा तो कार्बन किती लागणार गं?"

हे मी काढलंच नव्हतं. काउंटरवर बिलाच्या पाठीमागे काढलं. एका औषधाच्या रेणूला एक गोळा धरला, तर सी-साठचं रेणुभार ७२१, कॅप्टोप्रिलचं २१७. पंचवीस मिलिग्रॅम औषधासोबत ८३ मिलिग्रॅम कार्बन. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. आणि सी-साठ पाण्यात विरघळत नाही. "हे सगळं जाणार कुठं?" बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाला गोळीचा साइड इफेक्ट समजावतात त्याच सुरात. वाचलेल्या लेखांपैकी बऱ्याच जणांनी हा प्रश्न एका वाक्यात मिटवलेला आहे. रिपोर्टात मी त्यावर दोन पानं लिहिली. सरांनी एक पान कापलं.

कापायचंच होतं तर मी दुसरं काहीतरी सुचवलं असतं. रिपोर्टात पाच तक्ते आहेत: कठीणपणा, मऊपणा, रासायनिक विभव, इलेक्ट्रोफिलिसिटी, आणखी एक. होमो आणि लुमो, म्हणजे इलेक्ट्रॉन असलेली सर्वांत वरची आणि रिकामी सर्वांत खालची, या दोन कक्षांच्या ऊर्जा मिळाल्या की हे सगळे आकडे एक्सेलमध्ये सूत्र ओढून पाच मिनिटांत तयार होतात. साध्या सी-साठला औषध चिकटल्यावर त्या दोन कक्षांमधलं अंतर जवळपास हललंच नाही, पावणेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास होतं तिथंच राहिलं. तरी तक्ते पाचही आहेत. जाडी येते.

व्हायवा जूनमध्ये झाली. एक्स्टर्नल मॅडम औषधनिर्माणशास्त्राच्या होत्या. मी मनात म्हटलं, डीएफटीचं फार विचारणार नाहीत. नाहीच विचारलं. त्यांनी माझ्या पहिल्या आकृतीवर बोट ठेवलं. "हा आम्लाचा हायड्रोजन इथं काय करतोय?"

कॅप्टोप्रिलचा आम्लगट पीकेए ३.७ चा, म्हणजे पीएच त्याच्या वर गेला की हायड्रोजन सोडू लागणारा. रक्ताचा पीएच ७.४. पाच हजारांत एखादा रेणू सोडला तर रक्तात त्या गटाचा हायड्रोजन गेलेला असतो, रेणूवर उणे एक भार असतो. माझ्या अख्ख्या रिपोर्टात, प्रत्येक इनपुटमध्ये, 'शून्य एक'. मी सात महिने अशा रेणूचा अभ्यास केला होता जो रक्तात जवळजवळ नसतोच. सर खिडकीबाहेर बघत होते.

मॅडमनी आवाज चढवला नाही. दुसरा प्रश्न विचारला. "सिलिकॉनला ऑक्सिजन आवडतो म्हणतेस. पाण्यात पण ऑक्सिजनच असतो ना?"

तिथंच फळ्यावर हिशेब करायला लावला. पंचवीस मिलिग्रॅमची गोळी, पाच लिटर रक्त, सगळंच्या सगळं औषध रक्तात आलं असं धरू: लिटरला तेवीस मायक्रोमोल. पाणी लिटरला पंचावन्न मोल. भागाकार केला. औषधाच्या एका रेणूमागे पाण्याचे चोवीस लाख रेणू. त्या गर्दीत माझ्या सिलिकॉनपाशी आधी कोण पोचणार हे खडू हातात असतानाच कळलं. मी वापरलेलं पाणीही खरं पाणी नव्हतं. रेणूभोवती एक एकसंध माध्यम मानायचं, त्याला चिकटता येत नाही, जागा अडवता येत नाही. बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी सिलिकॉनच्या गोळ्यावर पाण्याचा एकच रेणू ठेवून रन लावला. चिकटला. औषधाइतका घट्ट नाही, पण चोवीस लाखांना तेवढं घट्ट असायची गरजही नाही.

मॅडमनी मार्क चांगले दिले. जाताना म्हणाल्या, "गंधकाचं काय झालं? तो मोकळा राहिला का तेवढं बघ." कॅप्टोप्रिल ज्या एन्झाइमला अडवतं, त्यातल्या जस्ताला ते याच गंधकाने धरतं. सुदैवाने माझ्या सर्वांत घट्ट रचनेत गंधक बाहेरच्या बाजूला आहे. ते मी ठरवून केलेलं नव्हतं.

आता सरांचं म्हणणं आहे की लेख पाठवायचा तर निदान भारित रूप आणि दोन-चार खरे पाण्याचे रेणू घालून पुन्हा सगळं करावं. मी पुण्याला एका कंपनीत लागलेय, पण लॅबच्या मशीनचं लॉगिन सरांनी अजून चालू ठेवलंय. पहिल्या रनमध्ये आम्लाचा हायड्रोजन काढला, अणू २८ केले, माध्यम म्हणून पाणी दिलं, आणि वर सवयीने 'शून्य एक' लिहिलं. इलेक्ट्रॉन विषम, जॉब तिथल्या तिथं मेला. 'उणे एक, एक' लिहून पुन्हा टाकला. ऋणभाराच्या रेणूला लांबवर पसरणारी जादा फलनं लागतात, त्यामुळे प्रत्येक पायरीला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातोय. काल रात्री पाहिलं तेव्हा तो एकविसाव्या पायरीवर होता आणि औषध गोळ्याच्या उजवीकडे हळूहळू सरकत होतं.